उताऱ्याखालचे प्रश्न

कायद्याच्या प्रवेश परीक्षेत उतारा देतात आणि खाली प्रश्न विचारतात. हा भाग भाषेचा, म्हणून दुय्यम, असे पुष्कळांना वाटते. माझे मत उलटे आहे. वकील होऊ पाहणाऱ्या मुलीची खरी परीक्षा तिथेच होते. आणि जी बाई कधीच वकील होणार नाही, तिलाही रोजच्या जगण्यात हेच वाचन लागते. म्हणून हा विषय केवळ शिकवणी वर्गांवर न सोडता आपण संघटनांनी हाती घ्यायला हवा.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांची ‘क्लॅट’ परीक्षा २००८ पासून होते. २०२० पासून तिचा बराचसा भाग उताऱ्यांवरच बेतलेला आहे. इंग्रजी असो, कायदा असो की तर्क, आधी साडेचारशे शब्दांपर्यंतचा उतारा आणि मग त्यावर प्रश्न. सध्या दोन तासांत १२० प्रश्न सोडवायचे असतात, आणि उत्तर चुकले की पाव गुण कापला जातो. घोकंपट्टी इथे फारशी कामाला येत नाही. लेखकाने काय म्हटले, काय म्हटलेले नाही, आणि म्हटले त्यातून नक्की काय निघते, एवढेच विचारतात.

नेरमध्ये बारावीच्या मुलींबरोबर मी असे उतारे सोडवते. बहुतेकींच्या घरी कापूस-सोयाबीनची शेती किंवा मजुरी. सगळ्या मराठी माध्यमाच्या. एकदा मी त्यांना ओळखीचाच विषय दिला. बचतगटाचा नियम असा: “सलग तीन बैठकांना कारण न कळवता गैरहजर राहणाऱ्या सभासदाचे सभासदत्व रद्द करता येईल.” एक सभासद सलग तीन बैठकांना आली नाही. दुसऱ्या बैठकीच्या वेळी मुलगी आजारी असल्याचा निरोप तिने पाठवला होता. तिचे सभासदत्व गेले का?

निम्म्या मुली म्हणाल्या, गेले. तीन बैठका झाल्या ना! उरलेल्या म्हणाल्या, नाही गेले. लेकरू आजारी होते, माणुसकी नको का? दुसरे उत्तर बरोबर आहे, पण कारण चुकले. माणुसकी उताऱ्यात नाही, ती आपण बाहेरून आणली. उताऱ्यात आहेत ते शब्द “कारण न कळवता”. आणि समजा, निरोप मुळीच आला नसता तरी? नियमात “रद्द होईल” असे नाही, “रद्द करता येईल” असे आहे. म्हणजे गटाला तसा अधिकार आहे. गटाने ठरवल्याशिवाय सभासदत्व जात नाही. हे उमगल्यावर मुलींनी तो नियम पुन्हा पुन्हा वाचला.

या मुली मंद नाहीत. उताऱ्यातले वाक्य जसेच्या तसे उचलून उत्तरपत्रिकेत उतरवायचे, हेच आपल्या शाळांनी त्यांना बारा वर्षे शिकवले. ‘यावरून काय निष्पन्न होते’ हे कुणी विचारले नाही. घरात तर मोठ्यांच्या बोलण्याचा अर्थ विचारणे म्हणजे उलट उत्तर देणे! जिला प्रश्न विचारण्याची सवयच लागू दिली नाही, तिच्याकडून परीक्षेच्या दालनात एकाएकी चिकित्सक वाचनाची अपेक्षा केली जाते.

या वाचनाचे मोल किती, हे आपल्या चळवळीला चांगले ठाऊक आहे. मथुरा प्रकरण आपल्याच विदर्भातले. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले. भीतीपोटी गप्प राहणे ही इच्छा नव्हे, असा अर्थ त्या न्यायालयाने लावला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि आरोपी सुटले. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. संमतीत शरण जाणे असू शकते, पण शरण जाण्यात संमती असतेच असे नाही, हा त्यांचा एक मुद्दा. उताऱ्याखाली विचारतात तो प्रश्न याच जातीचा: पहिल्यावरून दुसरे निघते का? त्या पत्रातून देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा घ्या. ‘सामायिक घर’ या शब्दांचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आखूड केला. सासूच्या नावावरच्या घरात सुनेला राहण्याचा हक्क सांगता येईना. २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते वाचन चुकीचे ठरवले. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे आहे एवढ्यावरून तो हक्क नाकारता येत नाही. कलम तेच होते. त्याच्या अर्थासाठी बायांना चौदा वर्षे थांबावे लागले.

आता भाषेचा प्रश्न. राज्याची विधी सीईटी मराठीतूनही देता येते. पण मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत पदवीच्या प्रवेशासाठी क्लॅट लागते, आणि ती फक्त इंग्रजीतून. उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते, मग इंग्रजी नको का, असे कुणी म्हणेल. हवेच, आणि आमच्या मुलींना ते शिकायचेही आहे. पण विचार करण्याची कुवत तपासायची असेल तर ती मुलीच्या भाषेत तपासा. इंग्रजी प्रवेशानंतर पक्के करून घ्या. आज जे मोजले जाते त्यात बुद्धी किती आणि आईबापांनी भरलेली शाळेची फी किती, हे वेगळे काढता येत नाही. भारतीय भाषांतून परीक्षा घ्यावी, ही मागणी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेली होती. आपण ती महाराष्ट्रातून लावून धरली पाहिजे.

तोवर हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. आपल्या कार्यालयांत रोज कागद येतात: पोटगीचा आदेश, कर्जाचा करारनामा, सोडचिठ्ठीचा मसुदा, ग्रामसभेचा ठराव. नावे-गावे झाकून त्यांचे उतारे करा. खाली चार प्रश्न लिहा. कागदात स्पष्ट काय म्हटले आहे? काय म्हटलेले नाही? ‘करावे’ लिहिले आहे की ‘करता येईल’? आणि ‘किंवा’ आहे की ‘आणि’? शिबिरात मुलींना आणि त्यांच्या आयांनाही एकत्र बसवून ते सोडवा. एखादीला त्यातून विधी महाविद्यालयात प्रवेश मिळेल. बाकीच्या निदान पुढे केलेल्या कागदावर अंगठा उमटवण्याआधी विचारतील, “थांबा, ही ओळ पुन्हा वाचा बरं.”