पेले यांचा वारसा आणि आपले अंगण

२९ डिसेंबर २०२२ रोजी पेले यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा एकही सामना न पाहिलेली पिढीही हळहळली. १९५८, १९६२ आणि १९७० असे तीन विश्वचषक जिंकणारे ते जगातील एकमेव खेळाडू. १९७७ साली ते कोलकात्यात मोहन बागानविरुद्धही खेळले. बालपणी मात्र चेंडू घेण्याची ऐपत नव्हती. मोज्यात चिंध्या कोंबून ते गल्लीत खेळत.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील मुलांच्या अंगावर आज ब्राझील-अर्जेंटिनाचे दहा क्रमांकाचे सदरे दिसतात. त्यात गैर काही नाही. गुणांना देशाची सीमा नसते. परंतु १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून भारताला उपांत्य फेरीत नेणारे मुंबईचे नेव्हिल डिसूझा त्यांपैकी कितीजणांना ठाऊक आहेत?

आणि ज्या गल्लीने पेले यांना घडवले, ती गल्ली आपण वाहनांच्या स्वाधीन केली आहे. काच फुटेल म्हणून मुलांना आवारातून हुसकावणारेच विश्वचषकात भारत का नाही, असे विचारतात. सदरा विकत मिळतो. मैदान राखावे लागते. सायंकाळी तासभर आवारातील गाड्या हलविल्या, तरी या थोर खेळाडूला ती खरी आदरांजली ठरेल.