पाचशेचा आकडा कुणाच्या माथी?

वक्फ मिळकतींची माहिती उमीद पोर्टलवर भरण्याची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपली. ६ जूनला पोर्टल सुरू झालं, सहा महिने मिळाले, आणि ते अडखळतं अशा तक्रारी देशभरातून येत राहिल्या. १ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने सरसकट मुदतवाढ नाकारली; अडचण असेल त्याने वक्फ ट्रिब्युनलकडे जावं, असं सांगितलं. पुरेसं कारण दिसलं तर ट्रिब्युनल आणखी सहा महिन्यांपर्यंत मुदत देऊ शकतं.

खरी गोम या 'पुरेशा कारणा'त आहे. अकोल्यासारख्या तालुक्याच्या गावात मशिदीचं, कब्रस्तानचं काम पाहणारे लोक आपली शेती, दुकान सांभाळून ते करतात. ट्रिब्युनल छत्रपती संभाजीनगरला. तिथे 'साइट चालत नव्हती' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: साइट चालत नव्हती, की तुम्हाला चालवता येत नव्हती?

याचं उत्तर सर्व्हर स्वतः देतो, तीन आकड्यांत. चारपासून सुरू होणारा आकडा म्हणजे सर्व्हरच्या मते चूक मागणाऱ्याची. ४०१ म्हणजे आधी लॉगिन करून ओळख पटवा. ४०३ म्हणजे मागणी कळली, पण परवानगी नाही. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर काही सापडलं नाही. पाचपासून सुरू होणारा आकडा मात्र सर्व्हरची स्वतःची कबुली. ५०० म्हणजे आतच काही बिघडलं, ५०३ म्हणजे सध्या सेवा देता येत नाही, ५०४ म्हणजे मागच्या यंत्रणेकडून वेळेत उत्तर आलं नाही. नुसतंच चक्र फिरत राहिलं आणि आकडाच आला नाही, तर दोष आपल्या नेटचाही असू शकतो. तो पुरावा कच्चा.

म्हणून पाचशेचा आकडा दिसला की पत्ता, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यायचा. कोर्टात तो द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, हे वकिलाला आधीच विचारून घ्यावं.

यातही एक लबाडी आहे, मुद्दाम असो वा नसो. काही साइट पडद्यावर 'काहीतरी चुकलं' असं दाखवतात आणि आतून आकडा पाठवतात २००, म्हणजे सगळं ठीक. आपण हात हलवत परततो, सर्व्हरच्या नोंदवहीत मात्र ती मागणी यशस्वी ठरते. अशा वेळी एकट्या आकड्यावर विसंबता येत नाही. पडद्यावरचा मजकूरही जपायला हवा.

माझं म्हणणं एवढंच, की हा पुरावा गोळा करण्याचं ओझं मुतवल्लीवर का? प्रत्येक मागणीची वेळ आणि आकडा सर्व्हरच्या लॉगमध्ये नोंदवता येतो. मुदतीचा कायदा करणाऱ्या सरकारने शेवटच्या पंधरवड्यातल्या ५०० ते ५०४ च्या नोंदी तारखेनिशी जाहीर कराव्यात, आणि पोर्टल जितके तास बंद होतं तितकी मुदत अर्ज न मागता वाढवावी. तोवर ट्रिब्युनलपुढच्या अर्जात एक मागणी जरूर घालावी: त्या तारखांचा लॉग पोर्टल चालवणाऱ्याकडून मागवून घ्या.