आधी सुटे की आधी गठ्ठा?

मुलांनो, एक आकडा मोठ्यानं म्हणा पाहू : पंचवीस. आता तोच पाटीवर लिहा. तोंडातून आधी पाच बाहेर पडले, मग वीस. हातानं मात्र आधी 2 लिहिला, मग 5. आहे की नाही गंमत? पहिली-दुसरीतली कितीतरी मुलं पंचवीस ऐकतात आणि 52 लिहून मोकळी होतात. आईबाबांनो, अशा वेळी धपाटा घालू नका हं! मुलाला आकडा कळलेला असतो, कोणतं टोक आधी लिहायचं एवढंच अजून पक्कं झालेलं नसतं. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ असंही वाचायची पद्धत आली, तेव्हा मोठ्या माणसांनीसुद्धा केवढा वाद घातला होता.

हाच घोळ मायक्रोप्रोसेसरच्या दुनियेतही होतो. मायक्रोप्रोसेसर म्हणजे संगणकाच्या पोटातली हिशेब करणारी चिप. तिच्या स्मृतीतला एक कप्पा म्हणजे बाइट. त्यात 0 पासून 255 पर्यंतचाच आकडा मावतो. मग शाळेचा पट 300 असला तर? आपण दहा काड्यांचा गठ्ठा बांधतो ना, तसा इथे 256 चा गठ्ठा बांधतात. 300 म्हणजे 1 गठ्ठा आणि 44 सुटे. झाले दोन बाइट.

आता हे दोन बाइट दुसऱ्या यंत्राकडे पाठवायचे आहेत. सिरियल पद्धतीत सगळा माल एकाच तारेवरून जातो, प्रार्थना संपल्यावर वर्गाकडे जाणाऱ्या रांगेसारखा, एकामागून एक. रांगेत पुढे कोण? इंटेलचे प्रोसेसर सुटे आधी ठेवतात. मोटोरोलाचा 68000 गठ्ठा आधी ठेवायचा. इंटरनेटच्या नियमांतही गठ्ठा आधी. समजा, पाठवणाऱ्यानं 44, 1 असं पाठवलं आणि घेणाऱ्यानं 44 हेच गठ्ठे समजले. 44 गुणिले 256, अधिक 1. पट झाला 11265! एवढ्या मुलांची खिचडी शिजवायची कुठे?

या दोन पद्धतींना लिटल एन्डियन आणि बिग एन्डियन म्हणतात. जोनाथन स्विफ्टच्या 1726 सालच्या पुस्तकातला गलिव्हर लिलिपुटात पोचतो, तिथे उकडलेलं अंडं कोणत्या टोकाकडून फोडायचं यावरून लढाया चाललेल्या असतात. तिथूनच डॅनी कोहेन यांनी 1980 साली ही नावं उचलली. मला विचाराल तर दोन्ही पद्धती सारख्याच चांगल्या. आधी ठरवलं नाही तरच पंचाईत.

आता बफर. पिठाच्या गिरणीत आपण डबा ओट्यावर ठेवतो, गिरणीवाले काका सवडीनं एकेक उचलतात. बफर म्हणजे तो ओटा. 9600 च्या वेगानं एका सेकंदाला 960 बाइट येतात, कारण आठ बिटांच्या प्रत्येक बाइटाला पुढेमागे एकेक बिट जास्तीचा लागतो. म्हणजे सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात एक डबा! ओट्यावर एकाच डब्याची जागा असेल आणि प्रोसेसर दुसऱ्या कामात गुंतला असेल, तर डबा हरवलाच. म्हणून पुढे 16550 जातीच्या चिपमध्ये सोळा बाइटांचा ओटा आला.

आणि इथे खरी मजा आहे. 300, 300, 300 असं पाठवताना तारेवरून जातं 44, 1, 44, 1, 44, 1. यातला पहिला 44 हरवला तर? घेणारा 1 आणि 44 यांची जोडी लावतो. सुटे 1, गठ्ठे 44. पुन्हा 11265! क्रम अगदी बरोबर ठरवलेला, तरी तीच चूक. मग ओळखायचं कसं? पहिल्या आकड्यापासूनच उलटं येत असेल, तर बहुधा क्रम ठरवण्यात गफलत आहे. बराच वेळ सुरळीत चालून मध्येच बिघडलं, तर आधी बफर तपासावा. शहाणे लोक प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला खुणेचा एक बाइट लावतात, म्हणजे जोडी चुकली तरी पुढच्या खुणेपासून पुन्हा जुळते.

जोडणी तपासायला 258 पाठवून पाहतात. उलटं वाचलं गेलं तर 513 येतात, चोरी लगेच पकडली जाते. 257 मात्र कधीही पाठवू नये. का बरं? गठ्ठा आणि सुटे करून बघा, हसू येईल.

आता तुमचं काम. दोन चिठ्ठ्यांवर 600 चे गठ्ठे आणि सुटे लिहा. मित्राला एकेक चिठ्ठी द्या, पण क्रम सांगू नका. त्याचं उत्तर 600 आलं की दुसरंच काही? दुसरं आलं तर किती? उत्तर पुढच्या अंकात.