बाजारातला बाहुला, उपदेशाची बाहुली

खेळण्यांच्या दुकानात कोणाला किती जागा मिळते, हा स्त्री-चळवळीचा प्रश्न आहे का? पोटगी, रेशन, मारहाण, दाखल न होणाऱ्या तक्रारी, यांतून वेळ उरला तर बाहुल्यांकडे बघू, असे अनेक कार्यकर्त्या म्हणतात. मला हे पटत नाही. तीन वर्षांच्या पोरीला संविधान वाचता येत नाही, पण दप्तरावर कोणाचे चित्र आहे हे तिला बरोबर कळते. जगात महत्त्वाचे कोण, याचा पहिला धडा ती तिथेच घेते.

मुद्दाम चांगले उदाहरण घेते. बंदुका आणि बार्बी विकणाऱ्या कार्यक्रमांवर टीका करणे सोपे आहे. 'सेसमी स्ट्रीट'चे तसे नाही. अमेरिकेत १९६९ साली सुरू झालेला हा कार्यक्रम गरीब वस्त्यांतल्या मुलांना शाळेआधी अक्षरे-आकडे यावेत म्हणून निघाला. तो सुरू करण्यात पुढाकार एका बाईचा, जोन गँझ कूनी यांचा. काळी, गोरी, स्पॅनिश बोलणारी माणसे त्यात एका गल्लीत शेजारी म्हणून राहतात. चालवणारी संस्था ना-नफा तत्त्वावरची. म्हणजे हेतूत खोट काढायला जागा कमी.

आता या गल्लीतल्या बाहुल्या मोजा. पिवळा उंच बिग बर्ड, कचऱ्याच्या डब्यात राहणारा ऑस्कर, बिस्किटे फस्त करणारा कुकी मॉन्स्टर, बर्ट आणि अर्नी, ग्रोव्हर, आकडे मोजणारा काउंट, बेडूक कर्मिट. सगळे बाप्ये. सुरुवातीच्या काळात लक्षात राहिलेली मुलगी म्हणजे प्रेअरी डॉन. ती काय करते? शाळेतली नाटके बसवते आणि वात्रट मुलांना सांभाळून घेते. पुढे कुकी मॉन्स्टरने अक्षराचे बिस्किट खाऊ नये म्हणून त्याला समजावण्याचे कामही तिच्याकडेच आले. तो खातो, ती समजावते. कोणाची बाहुली विकली जाईल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ कशाला हवा?

विक्रीत सर्वांत पुढे राहिला तो लाल एल्मो. त्याच्या मागोमाग कुकी मॉन्स्टर, बिग बर्ड वगैरे मंडळी. १९९६ च्या नाताळात टायको कंपनीने पोटाला हात लावला की खदखदून हसणारा एल्मो आणला. तीस डॉलरच्या आतबाहेर किमतीच्या त्या बाहुल्यासाठी लोकांनी शेकड्यांनी डॉलर मोजले, दुकानांत चेंगराचेंगरी झाली, आणि वर्ष संपेपर्यंत दहा लाखांहून जास्त बाहुले खपले.

यावर नेहमीचे उत्तर असे की मुलांनाच तो आवडला, त्याला कंपनी काय करणार? इथे थोडे थांबूया. हे हसणारे खेळणे मुळात एल्मोसाठी बनलेलेच नव्हते. ज्यांना ते सुचले त्यांच्या डोक्यात हसणारे माकड होते. कंपनीकडे ज्या पात्राचा परवाना होता त्याचा चेहरा त्यावर बसला. आत यंत्र तेच राहिले असते आणि वर एखाद्या मुलीचा चेहरा आला असता, तर पोरे हसली नसती का? पण तो विचार कोणाच्या मनात आला नाही, कारण खेळण्यांच्या धंद्याचा एक जुना समज आहे. मुलाचे पात्र मुलगेही घेतात आणि मुलीही घेतात, मुलीचे पात्र मात्र फक्त मुलीच घेतात. हा समज खरा वाटतो, कारण आपण तो रोज खरा करतो. आमच्या वस्तीजवळच्या आठवडी बाजारात एका आईला मुलासाठी फ्रॉकवाली बाहुली उचलताना मी पाहिले. सोबतच्या सासूने ती हातातून काढून परत ठेवली. दुकानदार काही बोललासुद्धा नाही. त्याने लगेच एक लाल केसाळ बाहुला पुढे केला. तो दोघांनाही 'चालतो'.

मुलगा म्हणजे सर्वसाधारण माणूस, मुलगी म्हणजे खास प्रकार. व्याकरणापासून वारसाहक्कापर्यंत हेच चालत आले आहे, आता ते कापूस भरून विकायला ठेवले आहे.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या स्त्रीवाद्यांनी या कार्यक्रमावर टीका केली होती. त्यातली सुझन ही काळी स्त्री नुसती गृहिणी म्हणून घरात दाखवली होती. आक्षेप आल्यावर ती परिचारिका झाली, कामाला जाऊ लागली. म्हणजे दबाव टाकला की बदलते. पण तो बदल माणसांत झाला. बाहुल्यांच्या बाबतीत १९९१ मध्ये रोसिटा, १९९३ मध्ये झोई यायला दोन दशके लागली. झोई नारिंगी रंगाची, दांडगी पोर. पुढे तिच्याही कमरेला बॅले नाचाचा झालरीचा झगा चढला. मग २००६ मध्ये मुलींची उणीव भरून काढायला ॲबी कॅडॅबी आणली. तिचा रंग गुलाबी, पाठीला पंख, हातात जादूची कांडी. ती परी. चाळीस वर्षे होत आली तेव्हा दुकानात मांडण्याजोगी मुलगी मिळाली, आणि ती परी! ऑस्करला कचऱ्यात बसून खेकसायची मुभा आहे. मुलीला आधी गोड दिसावे लागते.

(कोणी म्हणेल, मिस पिगी आहे की. आहे. १९७६ च्या 'मपेट शो'पासून ती गाजली. पण तिचा आवाज पुरुषाचा, आणि तिचा बराच वेळ एका बेडकाच्या मागे लागण्यात जातो. आपल्याकडे तरी काय? पाध्यांच्या बोलक्या बाहुल्यांतला अर्धवटराव सगळ्यांना ठाऊक. त्याच्या बायकोचे नाव आवडाबाई, हे किती जणींना चटकन आठवते?)

आता या गोष्टीची दुसरी बाजू पाहा, आणि मला खरा राग तिचाच येतो. याच संस्थेने अमेरिकेबाहेर कार्यक्रम काढले, तेव्हा पुढे कोण आले? इजिप्तमध्ये २००० साली खोखा, मुलींनी शिकावे म्हणून. दक्षिण आफ्रिकेत २००२ मध्ये कामी, पाच वर्षांची एचआयव्हीबाधित अनाथ मुलगी. बांगलादेशात २००५ मध्ये टुकटुकी. भारतात २००६ मध्ये 'गली गली सिम सिम'मधली शाळेच्या गणवेशातली चमकी. पाकिस्तानात २०११ मध्ये राणी. अफगाणिस्तानात २०१६ मध्ये सहा वर्षांची झरी. पोरीच पोरी! या सगळ्या हुशार आणि धीट आहेत, आणि त्यांचा फायदाही झाला असेल, ते मी नाकारत नाही. कामीमुळे ज्या विषयावर घरात कुजबुजही होत नव्हती, त्यावर मुले बोलू लागली.

पण वाटणी बघा. जिथे विकायचे आहे तिथे मुलगा, जिथे शिकवायचे आहे तिथे मुलगी. मुलगा मजा, मुलगी संदेश. एल्मोने काही सिद्ध करावे लागत नाही, तो नुसता हसला तरी पुरे. चमकीने मात्र शाळेत जाऊन दाखवायचे, कामीने आजार सोसून समाज सुधारायचा. घरातही हेच नाही का? तो खेळायला जातो, तिने शहाण्यासारखे वागायचे.

शिवाय संदेशाची बाहुली जगते अनुदानावर. इजिप्त, बांगलादेश, पाकिस्तान या तिन्ही ठिकाणी अमेरिकन सरकारच्या मदत संस्थेचा पैसा होता. पाकिस्तानातला पैसा २०१२ मध्ये थांबला. २०२५ मध्ये तर ती मदत संस्थाच त्या सरकारने गुंडाळली. अनुदान म्हणजे काय हे आपल्याला नव्याने सांगायला नको. तीन वर्षांचा प्रकल्प, मग अहवाल, मग कुलूप. झरीच्या देशात २०२१ पासून मुलींना सहावीनंतर शाळा बंद आहे. दुकानातल्या बाहुल्याला असल्या आपत्ती सहसा येत नाहीत. त्याला नफा पोसतो.

यावर संस्थेची बाजूही आहे. एल्मोच्या मालाच्या परवान्यातून येणारा पैसा हा तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग राहिला आहे, आणि तो शैक्षणिक कामाला लागतो. म्हणजे मुलगा कमावतो आणि मुलीचे शिक्षण होते! हा युक्तिवाद आपण कुठेतरी ऐकला आहे.

आणि हा माल बनवतो कोण? १० मे १९९३ रोजी थायलंडमध्ये बँकॉकजवळ केडर कंपनीच्या खेळण्यांच्या कारखान्याला आग लागली. बाहेर पडायचे दरवाजे कुलूपबंद होते. इमारत कोसळली. १८८ मृत्यू. विल्यम ग्रायडर या पत्रकाराने १९९७ मधल्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे की चौदा सोडल्यास त्या सर्व स्त्रिया होत्या, बहुतेक तरुण, काही तर तेरा वर्षांच्या पोरी. तिथे बनणाऱ्या मालात बिग बर्ड आणि सेसमी स्ट्रीटच्या इतर बाहुल्याही होत्या, असे तो नोंदवतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात चीनमध्ये शेनझेनच्या झिली खेळणी कारखान्यातही हेच झाले. ऐंशीहून जास्त कामगार गेले, त्यातही बहुतेक मुलीच. बाहुल्यात कापूस भरणारे हात मुलींचे, कापसावर चढवलेला चेहरा मुलाचा.

मग करायचे काय? बहिष्काराची घोषणा मी देणार नाही. वस्तीतली आई वीस रुपयांची नक्कल घेते, तिच्या बहिष्काराने कोणाचे काय बिघडणार? पण बालवाड्या, पाळणाघरे, बालमेळावे आपल्या हातात आहेत. आपल्या संघटनांच्या पेट्या उघडून पाहा. हातमोज्याच्या बाहुल्यांत मुलगी कोण असते? हात धुवायला सांगणारी, बालविवाहाला नाही म्हणणारी, लोहाच्या गोळ्या घेणारी. चोरून खाणारा, पडणारा, खोटे बोलून पकडला जाणारा आणि म्हणून पोरांचा लाडका असणारा मात्र बंड्या नाहीतर गण्या. अनुदान देणाऱ्याने हे मागितलेले नसते. ते आपोआप होते, आणि पोरे खेळ संपल्यावर बंड्यालाच हातात मागतात.

येत्या सुटीतल्या शिबिरांसाठी ताया जुने मोजे, बटणे, लोकर जमवतीलच. माझी सूचना एवढीच आहे की प्रत्येक गटाने निदान एक हावरट, आळशी, मोठ्याने हसणारी मुलगी बनवावी. तिच्या तोंडी एकही संदेश घालू नये. डबा उघडा दिसला की तिने लाडू लांबवावा, आणि तिला शहाणपण शिकवायला दुसरी मुलगी ठेवू नये, ते काम गण्याला द्यावे. मग खेळ संपल्यावर पोरगे कोणती बाहुली मागतात ते लिहून ठेवा आणि पुढच्या अंकासाठी कळवा.