जोखीम कोणाची?

अमेरिकन फुटबॉलचा हंगाम सुरू झाला, की तेथे एक वाद हटकून उद्भवतो. संघातील सर्वोत्तम खेळाडूला 'स्पेशल टीम'मध्ये उतरवावे की उतरवू नये? वरकरणी हा प्रशिक्षकांच्या डावपेचांचा प्रश्न आहे. परंतु या वादात 'जोखीम' ही कल्पना ज्या रीतीने वापरली जाते, तिच्यात माणसांची किंमत आधीच ठरवून टाकलेली असते. म्हणून शब्दांचा विचार करणाऱ्यांनीही या वादाकडे पाहावे असे मला वाटते.

हा खेळ ज्यांच्या परिचयाचा नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. मैदानात एका वेळी प्रत्येक बाजूचे अकरा जण असतात, पण संघ बराच मोठा असतो. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये संघाची मुख्य यादीच ५३ जणांची असते. कबड्डीतले शब्द उसने घेऊन सांगायचे तर चढाईसाठी एक तुकडी, बचावासाठी दुसरी. तिसरी तुकडी चेंडू लाथाडण्याच्या प्रसंगी उतरते. सामन्याच्या व उत्तरार्धाच्या आरंभी आणि गुण झाल्यानंतर होणारा किकऑफ, चढाई अडली की चेंडू दूरवर प्रतिपक्षाकडे धाडणारा पंट, आणि गोलखांबांमधून मारायच्या किक, ही या तिसऱ्या तुकडीची कामे. हीच स्पेशल टीम. नावात 'विशेष' असले तरी तिच्यात भरणा असतो तो मुख्यतः नवख्यांचा, राखीव खेळाडूंचा, संघातले स्थान अजून पक्के न झालेल्यांचा.

ताऱ्यांना येथे पाठवू नये असे म्हणणाऱ्यांपाशी उदाहरणे भरपूर आहेत. न्यूयॉर्क जायंट्सचा जेसन सीहॉर्न हा बचावफळीतला अत्यंत वेगवान खेळाडू. ऑगस्ट १९९८ मध्ये, हंगामापूर्वीच्या एका सामन्यात, त्याला किकऑफ परतवण्यासाठी उभे केले गेले. या सामन्यांचा निकाल गुणतक्त्यात धरलाही जात नाही. पहिलाच चेंडू घेऊन धावताना त्याच्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले आणि तो संपूर्ण हंगाम गेला. न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या रॉब ग्रॉन्काउस्कीची कथा आणखी बोचरी आहे. १८ नोव्हेंबर २०१२ रोजी पेट्रियट्सनी कोल्ट्सना ५९-२४ असे हरवले. सामना खिशात आलेला असताना, अखेरच्या टप्प्यात, टचडाउननंतरच्या एका जादा गुणाच्या किकवेळी केवळ प्रतिस्पर्ध्यांना थोपवण्यासाठी तो रांगेत उभा होता. तेथे त्याचा हात मोडला.

उलट बाजूही तितकीच भक्कम आहे. १९ डिसेंबर २०१० रोजी फिलाडेल्फिया ईगल्स जायंट्सविरुद्ध ३१-१० असे मागे पडले होते. त्यांनी ३१-३१ अशी बरोबरी साधली आणि सामन्याच्या अखेरच्या क्षणी ईगल्सचा आघाडीचा रिसीव्हर डिशॉन जॅक्सन पंट घ्यायला उभा राहिला. चेंडू प्रथम त्याच्या हातून निसटला. त्याने तो उचलला आणि ६५ यार्ड धावून सामना जिंकून दिला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. याच जॅक्सनला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डोक्याला जबर मार बसला होता, पण तो चढाईत पास झेलताना, स्पेशल टीममध्ये नव्हे. ग्रॉन्काउस्कीचा तोच हात जानेवारी २०१३ मध्ये पुन्हा मोडला, तोही नेहमीच्या चढाईत. म्हणजे ताऱ्याला स्पेशल टीमपासून दूर ठेवले की तो सुरक्षित राहतो, हे गृहीतक पुरते खरे नाही.

शिवाय काही तारे याच तुकडीत घडतात. शिकागो बेअर्सच्या डेव्हिन हेस्टरने ४ फेब्रुवारी २००७ रोजी सुपर बोलचा पहिलाच किकऑफ ९२ यार्ड परतवून टचडाउन केला. बेअर्स तो सामना २९-१७ असा हरले, पण पुढे हेस्टर २०२४ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, तो मुख्यतः चेंडू परतवण्याच्या कौशल्यावर.

दोन्ही बाजूंचे म्हणणे असे मांडल्यावर प्रश्न हिशेबाचा वाटू लागतो. एका टचडाउनचा लाभ मोठा की एका गुडघ्याची हानी? बहुतेक चर्चा येथेच थांबतात. माझी हरकत नेमकी येथून सुरू होते.

आपण मराठीत 'जोखमीचा ऐवज' असे म्हणतो. प्रवासात सोन्याची पुरचुंडी जोखमीची असते, विटांची गोणी जोखमीची नसते. जोखीम हा शब्द धोक्यापेक्षा मौल्यवानतेशी अधिक बांधलेला आहे. ताऱ्याला स्पेशल टीममध्ये पाठवणे जोखमीचे, असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा धोका किती आहे हे सांगितले जात नाही. कोण मोलाचा आहे, एवढेच सांगितले जाते. कारण ताऱ्याला काढून घेतल्यावर ती जागा रिकामी राहत नाही. तेथे दुसरा कोणी उभा राहतो. त्याच्याही गुडघ्यात तेच लिगामेंट असते. धोका तसाच राहतो. 'जोखीम' मात्र नाहीशी होते!

हा विचार आपल्याला अपरिचित नाही. लाख मरोत, पण लाखांचा पोशिंदा जगो, हे वचन आपण अभिमानाने सांगत आलो आहोत. महाभारतात कर्णापाशी इंद्राने दिलेली, एकदाच वापरता येणारी शक्ती असते आणि ती त्याने अर्जुनासाठी राखून ठेवलेली असते. रात्रीच्या युद्धात ती घटोत्कचावर खर्ची पडते. पांडव शोक करतात आणि कृष्णाला मात्र आनंद होतो, कारण अर्जुन वाचला. व्यासांनी तो आनंद लपवलेला नाही, म्हणूनच तो प्रसंग वाचकाला अस्वस्थ करतो. युद्धात अशा निवडीला राज्य वाचवण्याचे तरी कारण असते. रविवारी दुपारच्या खेळात ते कारण कोणते?

केव्हिन एव्हरेटचे नाव येथे घ्यायला हवे. बफेलो बिल्सचा हा खेळाडू २००५ च्या ड्राफ्टमधील तिसऱ्या फेरीत निवडलेला. त्याला तारा म्हणता आले नसते. ९ सप्टेंबर २००७ रोजी डेन्व्हर ब्रॉन्कोजविरुद्ध उत्तरार्धाच्या किकऑफवर, चेंडू घेऊन येणाऱ्याला पकडताना त्याच्या मानेच्या मणक्याला गंभीर इजा झाली. पुढे तो चालू लागला, पण पुन्हा खेळला नाही. त्याला स्पेशल टीममध्ये पाठवण्याची जोखीम घ्यावी का, असा वाद सामन्यापूर्वी कोणी घातला असेल असे वाटत नाही.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २००८ मध्ये, हंगामाच्या पहिल्या सामन्यात टॉम ब्रॅडीच्या गुडघ्याला इजा झाली आणि त्याचा हंगाम संपला. २००९ पर्यंत नियम स्पष्ट करण्यात आला, की जमिनीवर पडलेल्या बचावपटूने क्वार्टरबॅकच्या पायांवर झेप घेऊ नये. लोक त्याला 'ब्रॅडी रूल' म्हणू लागले. किकऑफच्या बाबतीतही काही झालेच नाही असे नाही. २००९ मध्ये अनेकांनी हातात हात घालून भिंत करण्यावर बंधन आले आणि २०११ मध्ये किक ३० ऐवजी ३५ यार्डांच्या रेषेवरून होऊ लागली, त्यामुळे चेंडू परतवण्याचे प्रसंग घटले. परंतु मूळ दोष होता तो दुरून भरधाव येऊन एकमेकांवर आदळण्याचा. किक करणाऱ्या संघाला धावत सुरुवात करण्यास मनाई झाली ती २०१८ मध्ये. दोन्ही रांगा जेमतेम पाच यार्डांवर समोरासमोर उभ्या करून, चेंडू खाली येईपर्यंत बहुतेकांना जागचे हलू न देणारी नवी रचना आली ती २०२४ मध्ये. एका गुडघ्यासाठी एक हंगाम, आणि एका मानेनंतर सतरा वर्षे. या दोन अंतरांमागे इतर कारणेही असतील. तरीही मोलाचा ऐवज धोक्यात आला, की नियम किती लवकर सापडतो, हे त्यातून दिसल्यावाचून राहत नाही.

यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो हलका नाही. स्पेशल टीम हे केवळ बळी देण्याचे ठिकाण आहे असे म्हणणे तिथल्या खेळाडूंचा अपमान आहे. पेट्रियट्सचा मॅथ्यू स्लेटर रिसीव्हर म्हणून संघात आला आणि साऱ्या कारकिर्दीत त्याने एकच पास झेलला. तरी या तुकडीतील कामगिरीसाठी तो दहा वेळा प्रो बोलसाठी निवडला गेला. धावत जाऊन चेंडूवाल्याला गाठणे ही स्वतंत्र विद्या आहे आणि अनेकांसाठी संघात शिरण्याचा तोच एक दरवाजा आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र ही विद्या आहे असे एकदा मानले, की ताऱ्याला 'खाली' पाठवल्याची भाषाही सोडावी लागते. स्लेटरचे काम ताऱ्याला येईलच असे नाही. ज्याला ते येत नाही त्याला तेथे पाठवणे चूकच, पण त्याचे कारण त्याच्या करारातील आकडा हे नसावे.

मग ताऱ्याला उतरवावे का? माझे उत्तर दोन कसोट्यांवर उभे आहे. पहिली, त्या जागी त्याच्या अंगच्या विशेष कौशल्याने निकाल बदलू शकतो का? दुसरी, निर्णय त्याच्या हातात राहतो का? पंट घेणारा खेळाडू हात उंचावून फेअर कॅच मागू शकतो. मग त्याला कोणी धक्का देऊ शकत नाही. धावायचे की थांबायचे हे तो स्वतः ठरवतो. म्हणून बरोबरीच्या सामन्यात जॅक्सनला पंटसाठी उभे करणे योग्य होते. निकालात न धरल्या जाणाऱ्या सामन्यात सीहॉर्नला उभे करणे योग्य नव्हते. जिंकलेल्या सामन्यात ग्रॉन्काउस्कीला रांगेत ठेवणेही मला पटत नाही. पण पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय हे उत्तर पुरे होत नाही. ग्रॉन्काउस्कीच्या जागी त्या क्षणी कोणाचा हात गेलेला चालला असता?

प्रत्येक प्रशिक्षकाने तारा बाजूला घेण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारावा. एखादा डाव ताऱ्यासाठी फार धोक्याचा वाटत असेल, तर तो डाव धोक्याचा आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते. अशा वेळी खेळाडू बदलून भागत नाही, नियम बदलावा लागतो. २०२४ ची रचना त्या दिशेने पडलेले पाऊल आहे आणि तिचे स्वागत करावे. ताऱ्यांना राखण्याचा सल्ला देणारे मात्र बहुधा खेळाडूच बदलतात, आणि त्यानंतर तो डाव किती धोक्याचा आहे याकडे पाहण्याचे कारण कोणालाच उरत नाही.