घाटाचा राजा पुण्यात जिंकेलच असं नाही

मुंबई-पुणे सायकल शर्यत ज्यांनी रस्त्याकडेला उभं राहून पाहिली आहे, त्यांना ‘घाटाचा राजा’ हा किताब नव्याने सांगायला नको. जुन्या महामार्गाने आलेले सायकलपटू खोपोली मागे टाकतात, शिंग्रोबाच्या देवळावरून बोरघाट चढतात, आणि जो घाट सर्वांत आधी सर करतो तो घाटाचा राजा. टाळ्या, शिट्ट्या, फोटो! पण शर्यत तिथे संपत नाही. लोणावळ्याहून पुणं अजून साठ-पासष्ट किलोमीटर लांब असतं.

समजा, तुम्ही खंडाळ्यात उभे आहात. पहिला आलेला गडी तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. शेजारचे काका विचारतात, “काय, पुण्यात कोण जिंकणार?” तुम्ही पटकन म्हणाल, “हाच की! नक्की हाच.”

वाचकहो, आज आपल्याला या ‘नक्की’चाच समाचार घ्यायचा आहे.

वाऱ्याचा हिशोब

सपाट रस्त्यावर वेगात सायकल चालवताना बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते. पुढचा हवा फोडतो. त्याच्या मागे चाकाला चाक लावून येणाऱ्याला तोच वेग राखायला साधारण एक तृतीयांश कमी कष्ट पडतात. मोठ्या घोळक्याच्या मधोमध असाल तर त्याहूनही कमी. जत्रेच्या गर्दीत वाट काढतो तो पुढचा. त्याचा सदरा धरून मागून येणारे आरामात चालतात. तसंच हे.

घाटात मात्र वेग कमी असतो, त्यामुळे वाऱ्याचा प्रश्न मागे पडतो. तिथे ज्याच्या पायांत जोर आणि अंगावर वजन कमी, तो पुढे निघतो. पण लोणावळा ओलांडलं की हिशोब पुन्हा बदलतो. मागचे पंधरा-वीस जण आळीपाळीने पुढे येत, वारा वाटून घेत पाठलाग करतात. आपला राजा मात्र सगळा वारा एकट्याच्या छातीवर घेतो. कधी तो तरतो, कधी पुणं दिसायच्या आत गाठला जातो. दोन्ही घडू शकतं.

आधी रस्ता वाचा

म्हणून अंदाज बांधताना सायकलपटूंची नावं नंतर बघा, आधी रस्ता बघा. मोठा चढ कुठे आहे: शेवटी, मध्ये, की शेवटाच्या जरा अलीकडे?

आपल्या बंगळुरूचंच बघा. इथले सायकलवेडे सुट्टीच्या पहाटे नंदी हिल्सकडे निघतात. शहरापासून सुमारे साठ किलोमीटरवर १४७८ मीटर उंचीचा हा डोंगर, आणि शेवटचा आठेक किलोमीटरचा वळणावळणाचा चढ. शर्यत या डोंगरमाथ्यावर संपणार असेल तर अंदाज त्यातल्या त्यात सोपा. चढात जो उत्तम, तोच बहुधा पहिला. बोरघाटासारखा चढ मध्ये असेल तर अंदाज अवघड. आणि चढ शेवटाच्या जरा अलीकडे असेल तर भल्याभल्यांची झोप उडते.

या तिसऱ्या प्रकारातली जगातली सर्वांत नावाजलेली शर्यत म्हणजे इटलीतली मिलान–सान रेमो. १९०७ साली ती पहिल्यांदा झाली. अंतर २९० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबई-पुण्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि तेही एका दिवसात. व्यावसायिक सायकलिंगमधल्या एकदिवसीय शर्यतींत एवढी लांब दुसरी नाही. साडेसहा-सात तास खोगिरावर बसायचं, आणि निकाल लागतो तो बहुतेक वेळा शेवटच्या अर्ध्या तासात.

शेवटच्या टप्प्यात आधी चिप्रेस्सा नावाचा चढ येतो आणि मग पोज्जो. पोज्जो जेमतेम ३.७ किलोमीटरचा. दर शंभर मीटरला चार मीटरसुद्धा चढत नाही. बोरघाट चढलेला माणूस त्याला घाट म्हणायलाही तयार होणार नाही! पण २८० किलोमीटर पायडल मारून आलेल्या पायांना तोच डोंगर वाटतो. त्याच्या माथ्यापासून अंतिम रेषा फक्त साडेपाच किलोमीटरवर, आणि त्यातला बराच भाग वळणांचा उतार. चढणाऱ्याला वाटतं, इथे निसटलो तर मी जिंकलो. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये वाऱ्यासारखा धावणारा स्प्रिंटर म्हणतो, इथे टिकलो तर मी जिंकलो. दोघांचंही बरोबर असतं.

जगातला सर्वोत्तम, आणि तरीही

तादेय पोगाचार हे नाव तुमच्या घरातल्या मुलांनी कदाचित ऐकलं असेल. स्लोव्हेनियाचा हा सायकलपटू २०२० ते २०२५ या काळात टूर द फ्रान्स चार वेळा जिंकला. याच पोगाचारचे मिलान–सान रेमोमधले २०२२ ते २०२५ या चार वर्षांतले क्रमांक बघा: पाचवा, चौथा, तिसरा, तिसरा. तीन आठवड्यांच्या शर्यतीत सर्वांना मागे टाकणाऱ्याला पोज्जोवर पुरेसा चढच मिळत नव्हता.

२०२२ मध्ये मातेय मोहोरिच जिंकला तो चढावर नव्हे, उतारावर. डोंगरी सायकलला असते तशी खालीवर होणारी बैठक त्याने आपल्या सायकलला बसवून घेतली होती. उतारावर तो खाली वाकून असा सुटला की मागच्यांना सापडलाच नाही.

२०२४ ची गोष्ट तर कुटुंबात बसून सांगावी अशी. तेव्हाचा विश्वविजेता माथ्यू व्हान डर पूल आदल्या वर्षीचा विजेताही होता. सर्वांच्या ओठांवर त्याचंच नाव. पण पोज्जोवर पोगाचार निसटू लागला तेव्हा व्हान डर पूलने त्याला सुटू दिलं नाही, आणि शेवटी स्वतः वारा फोडत आपल्या संघातल्या यास्पर फिलिप्सनला रेषेपर्यंत वाट करून दिली. फिलिप्सन अगदी थोडक्यात जिंकला. ज्याच्यावर सगळ्यांनी डाव लावला होता, त्याने आपला दिवस सहकाऱ्याला दिला. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, व्हान डर पूल स्वतः पुन्हा जिंकला.

आणि २००४? चार वेळचा विजेता एरिक झाबेल रेषेपाशी सर्वांत पुढे होता. विजय पक्का समजून त्याने दोन्ही हात वर केले. तेवढ्यात ऑस्कर फ्रेरेने बाजूने येऊन चाक पुढे काढलं. रेषा काही इंचांवर असतानाही ‘नक्की’ नव्हतं.

शंभर चिंचोके

मग अंदाज बांधायचाच नाही का? बांधायचा, जरूर बांधायचा. फक्त पद्धत बदलायची. क्रिकेटच्या सामन्यात दोन संघ असतात. डोळे मिटून बोट ठेवलं तरी निम्म्या वेळा बरोबर येतं. इथे सात-सात जणांचे पंचवीस संघ, म्हणजे पावणेदोनशे सायकलपटू. त्यांतल्या एकाची शक्यता शंभरात तीस असेल तर तो सगळ्यांत वरचढ ठरतो. पण त्याच वाक्याचा दुसरा अर्थ असा की, शंभरातल्या सत्तर वेळा तो जिंकणार नाही. तो हरला तर अंदाज चुकला असं नव्हे, आणि तो नालायक ठरला असंही नव्हे.

हे मुलांना समजवायला एक घरगुती खेळ सांगतो. शर्यतीच्या आदल्या रात्री घरातल्या प्रत्येकाला १०० चिंचोके द्या. पाच वाट्या मांडा आणि त्यांवर तुमच्या पसंतीच्या पाच सायकलपटूंची नावं चिकटवा. सहावी वाटी ‘इतर’ची. ती विसरू नका, सगळी गंमत तिच्यातच आहे. एका वाटीत चाळीसपेक्षा जास्त चिंचोके टाकायचे नाहीत. आणि प्रत्येकाने आपल्या सर्वांत भरलेल्या वाटीबद्दल एका वाक्यात कारण सांगायचं: “तो उतारावर घाबरत नाही”, “त्याच्या संघात मदतीला दोघं तगडे आहेत”, “समुद्राकडून वारा सुटणार आहे.” ‘मला आवडतो म्हणून’ हे कारण फक्त आजीला माफ!

विजेत्याच्या वाटीत ज्याचे चिंचोके सर्वांत जास्त, तो त्या दिवसाचा मानकरी. पण एका शर्यतीवरून कुणाला पंडित ठरवू नका. एकदिवसीय शर्यतींत पाच मोठ्या मानल्या जातात: मिलान–सान रेमो, टूर ऑफ फ्लँडर्स, पॅरिस–रूबे, लिएज–बास्तोन–लिएज आणि शरद ऋतूतली इल लोंबार्दिया. पाचही शर्यतींची बेरीज वहीत मांडा. तेव्हा कळेल की कोण नशिबाने जिंकलं आणि कोण खरोखर रस्ता वाचायला शिकलं.

चिंचोकेच का, रुपये का नाहीत?

कारण रुपया आला की ‘इतर’ची वाटी रिकामी राहते. पैसे लावणाऱ्याला शंभरात तीस ऐकायचं नसतं, त्याला ‘नक्की’ हवं असतं. आणि ‘आजचा नक्की विजेता’ विकणारे संदेश फोनवर येत राहतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, ती घराघरांत झालेलं नुकसान बघूनच. पण कायदा फोनपर्यंत पोहोचतो, मनातल्या ‘नक्की’पर्यंत नाही. ते काम घरातच करावं लागतं. जे पोर दहाव्या वर्षी “मला वाटतं, शंभरात तीस” असं म्हणायला शिकलं, ते विसाव्या वर्षी कुणाच्या खात्रीच्या टिपेला सहज भुलणार नाही.

मिलान–सान रेमो मार्चमध्ये, साधारण तिसऱ्या शनिवारी असते. आपल्याकडे शेवटचा अर्धा तास रात्री नऊ-साडेनऊच्या सुमाराला येतो, म्हणजे जेवणं आटोपून सगळ्यांना एकत्र बसता येईल असा. २०२५ पासून त्याच दिवशी महिलांचीही शर्यत पुन्हा सुरू झाली आहे. त्या वर्षी १५६ किलोमीटरच्या त्या शर्यतीत नेदरलँड्सची लोरेना विबेस जिंकली. मुलींना तीही आवर्जून दाखवा.

आणि पुढच्या वेळी मुंबई-पुणे शर्यत बघायला घाटात उभे राहिलात, तर राजासाठी टाळ्या वाजवाच, पण नजर त्याच्या मागेही टाका. मागचा घोळका किती अंतरावर आहे, त्यात किती जण आहेत, वारा समोरून आहे की पाठीमागून? मग काकांना उत्तर द्या. तुमचे शंभर चिंचोके तुम्ही कसे वाटलेत आणि ‘इतर’च्या वाटीत किती टाकलेत, ते आम्हालाही जरूर कळवा.