दत्तकपत्रानंतरचे खरे काम

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांना दत्तकविधान नवे नाही. 1827 मध्ये बायजाबाई शिंद्यांच्या मांडीवर जनकोजी दत्तक आले. पुढे दोघांचे इतके बिनसले की 1833 मध्ये बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. 1843 मध्ये जनकोजींच्या विधवा ताराबाईंनी जयाजीरावांना दत्तक घेतले. दोन्ही वेळा प्रश्न गादीचा होता, मुलाचा नव्हता.

आज कायदा मुलाचे हित आधी पाहतो. 2022 पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. मुलाला तात्पुरते सांभाळणाऱ्या प्रतिपालक कुटुंबाला ‘मिशन वात्सल्य’मधून महिना 4000 रुपयांची तरतूद आहे. पण लष्करमधल्या नई सडकेवरच्या एखाद्या घरात मार खाल्लेले, उपाशी राहिलेले मूल येते, तेव्हा ते उशीखाली पोळी लपवते. पडले तरी रडत नाही. जवळ घेतले की अंग आखडते. घरचे हिरमुसतात आणि शेजारी म्हणतात, ‘शेवटी रक्त वेगळंच!’ दोष रक्ताचा नाही. सांभाळणाऱ्या हातांनीच मारले, म्हणून मूल हातांना भिते.

जॉन बोल्बी यांनी 1951 मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात मायेच्या अखंड सहवासाची गरज मांडली होती. त्याच विचारावर मेरी डोझियर यांनी लहान मुलांसाठी दहा घरभेटींची पद्धत बसवली. त्यात समुपदेशक मुलाला नव्हे, पालकाला शिकवतो: मूल तोंड फिरवते तेव्हाही जवळ जा, दरडावू नका. पोळी लपवली तर झडती नको. खाऊचा डबा त्याच्या हाताला लागेल असा ठेवा. पण मायेच्या नावाखाली बळजबरीही झाली आहे. 2000 साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोत ‘पुनर्जन्मा’च्या उपचारात चादरीत गुंडाळलेली दहा वर्षांची दत्तक मुलगी गुदमरून मेली. माया दाबून उगवत नाही.

आपल्याकडे दत्तकानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी पाहणी होते. मूल रुळायचे की बिथरायचे हे मात्र पहिल्या काही आठवड्यांतच ठरू लागते. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे प्रशिक्षित समुपदेशक असावेत, मूल येण्याआधी पालकांची तयारी व्हावी आणि पहिल्या महिन्यापासून घरभेटी सुरू व्हाव्यात. थकलेल्या पालकाला मदत मागताना लाज वाटू नये. परत पाठवलेले मूल दुसऱ्यांदा अनाथ होते; ते टाळण्याची जबाबदारी एकट्या आईबापांवर टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही.